वाचकांचे प्रश्न : साडेसहा हजाराचं गणिताचं पुस्तक घ्यावं का?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहे, डिप्लोमा झालाय. धाकटी बहीण पुण्यात एमएस्सी मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहते. दर भाऊबीजेला ओवाळणीत पाकीट टाकतो, यंदा म्हटलं तिलाच विचारावं काय हवंय, तर आधी नको नको केलं आणि मग एका पुस्तकाचं नाव सांगितलं, हार्टशॉर्नचं अल्जेब्राइक जॉमेट्री. ऑनलाइन बघितलं तर साडेसहा हजार! आणि पानं पाचशेच्या आत. दुसरा एक जण तेच पुस्तक पंधराशेला देतोय. आई म्हणते एवढ्यात चांगली पैठणी नाही तर निदान साडी तरी आली असती. पैशाचा प्रश्न नाही असं म्हणणार नाही, पण तिच्या खरंच कामाचं असेल तर घेणार. मला त्यातलं काही कळत नाही. घ्यावं का, आणि घेतलं तर कोणतं?

उत्तर : तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. बहिणीला काय हवंय ते विचारलंत आणि तिनं गणिताचं पुस्तक मागितलं, हे मला फार मोलाचं वाटतं. मी बरीच वर्षं एमएस्सीला अल्जेब्रा शिकवते आणि वर्गात हे पुस्तक मागणारी मुलं अगदी मोजकी असतात.

पुस्तक चांगलं आहे का, तर आहे, त्यात वादच नाही. १९७७ मध्ये स्प्रिंगरने काढलं, त्यांच्या पिवळ्या पुस्तकांच्या मालिकेतलं ५२ नंबरचं, आणि जगात कुठेही या विषयात, म्हणजे समीकरणांतून निघणाऱ्या आकारांच्या अभ्यासात, पीएचडी करायला गेलं तर हे नाव निघतंच. पण पुस्तक चांगलं आहे आणि पुस्तक आत्ता तिच्यासाठी आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साडेसहा हजार दुसऱ्या गोष्टीसाठी द्यायचे असतात.

म्हणून पहिला प्रश्न तिला विचारा, पुढे काय करायचंय. नेट-सेट देऊन कॉलेजात लागायचं असेल तर या पुस्तकाचा परीक्षेला उपयोग नाही, नेटच्या सिलॅबसमध्ये हा विषयच नाही, तिथे रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, ग्रुप आणि रिंग हे पक्कं लागतं. तेवढ्याच पैशात त्या विषयांची चार-पाच उत्तम पुस्तकं येतील, कारण रुडिन, मंक्रेस, डमिट-फूट यांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या मिळतात. कव्हरवर किंवा आतल्या पानावर 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असं काहीतरी छापलेलं असतं, कागद जरा पातळ, पण गणित तेच. आणि पीएचडीला जायचंय, अल्जेब्राइक जॉमेट्री नाहीतर नंबर थिअरी करायचीय असं ती म्हणाली तर पुढचं वाचा.

या पुस्तकाची एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. ते एकटं येत नाही. पहिल्याच प्रकरणात कम्युटेटिव्ह अल्जेब्रातली (ज्यात गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालतो ते अल्जेब्रा) बरीच प्रमेयं नुसती सांगितलीत, सिद्धता दुसऱ्या पुस्तकात बघा म्हणून. त्या दुसऱ्या पुस्तकांत एक म्हणजे अटिया-मॅकडोनाल्ड, १९६९ चं, जेमतेम सव्वाशे पानांचं बारकं पुस्तक, पण त्याचा खरा जीव प्रकरणांच्या शेवटच्या एक्झरसाइझमध्ये आहे. ते ज्यांनी सोडवलेलं नसतं ती मुलं हार्टशॉर्नमध्ये दहाव्या-पंधराव्या पानाला अडकतात आणि त्यांना वाटतं आपल्याला हा विषयच जमणार नाही. असं होऊन एका हुशार मुलीनं विषय सोडलेला मी बघितलाय आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण तिची चूक नव्हती, क्रम चुकला होता. तेव्हा बहिणीला विचारा, अटिया-मॅकडोनाल्ड झालंय का? झालं नसेल तर आधी तेच घ्या, बिनधास्त घ्या.

झालं असेल तर आता एक परीक्षा सांगते, त्याला एक रुपया लागत नाही. तिला लायब्ररीतून हे पुस्तक एका आठवड्यासाठी आणू दे. विद्यापीठात असेल तर जयकर ग्रंथालयात बघावं, नाहीतर डिपार्टमेंटच्या लायब्ररीत, नाहीतर पुण्यातच भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं, आणि अभ्यंकर स्वतः याच विषयातले जगभर मानले गेलेले गणिती. आणलं की पहिल्या प्रकरणाचा पहिला एक्झरसाइझ सोडवायचा. हा एक्झरसाइझ मला फार आवडतो म्हणून जरा सविस्तर सांगते, तुम्हालाही कळेल, डिप्लोमाला पॅराबोला आणि हायपरबोला काढलेत तुम्ही.

तीन भाग आहेत. पहिला, वाय = एक्स वर्ग हा पॅराबोला घ्या. त्याच्यावरच्या कुठल्याही बिंदूचा एक्स कळला की वाय आपोआप कळतो, म्हणजे वक्र दिसायला वाकडा असला तरी आतून तो सरळ रेषाच आहे, त्याच्यावरची सगळी फंक्शन्स म्हणजे नुसत्या एक्सची पॉलिनॉमियल्स. दुसरा भाग, एक्स गुणिले वाय = १ हा हायपरबोला. इथे एक्स कधीच शून्य होत नाही, कारण गुणाकार १ यायचाय, त्यामुळे १ भागिले एक्स हेसुद्धा इथलं हक्काचं फंक्शन झालं, तेच तर वाय आहे. पॅराबोलावर असं होत नाही, तिथे ज्याला उलटा करता येतो असा फक्त साधा आकडा असतो, शून्य सोडून. म्हणून हे दोन वक्र आतून एकमेकांसारखे नाहीत, आणि ते सिद्ध करायला चित्र लागत नाही, अंतर लागत नाही, फक्त कशाला उलटं करता येतं तेवढं बघायचं. तिसरा भाग, दोन घातांचं कुठलंही न फुटणारं समीकरण घ्या, ते या दोघांपैकी एकासारखंच असतं. कॉम्प्लेक्स आकड्यांत बघितलं तर आपलं साधं वर्तुळसुद्धा (एक्स वर्ग अधिक वाय वर्ग = १) हायपरबोलाच्या घरचं निघतं, कारण एक्स वर्ग अधिक वाय वर्गाचे दोन तुकडे पडतात, एकात अधिक आय वाय, दुसऱ्यात उणे आय वाय, आणि त्या दोघांचा गुणाकार १.

हे तिनं स्वतः करायचं. पुस्तकात मागे उत्तरं नाहीत, एकाचंही नाही. पहिले दोन भाग एका बैठकीत व्हावेत, तिसऱ्याला एक संध्याकाळ गेली तरी चालेल, दोन गेल्या तरी चालेल. मग दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं कलम उघडायचं, शीव्ह्ज (आकाराच्या तुकड्या-तुकड्यांवरची फंक्शन्स एकत्र बांधण्याची रीत), तिथे एका कलमाच्या शेवटी वीसहून जास्त एक्झरसाइझ आहेत, त्यातले तीन करून बघायचे. आठवड्याच्या शेवटी तिच्या वहीत सात-आठ पानं खाडाखोड केलेली दिसली आणि पुस्तक परत करताना तिला चुटपुट लागली तर घेऊन टाका, माझा तुम्हाला कौल आहे. आणि आठवडाभर ते टेबलावर नुसतं पडून राहिलं तर तिला रागावू नका, पुस्तक दोन वर्षांनी घेता येतं.

मी स्वतः एमएस्सी झाल्या झाल्या ट्यूशनचे पैसे साठवून एक महागडं पुस्तक घेतलं होतं, विषयाचं नाव काही सांगत नाही, सगळे म्हणायचे हे पाहिजेच म्हणून. पुढे एकदा जुन्या पुस्तकांच्या गाडीवर त्याचीच दुसऱ्या कुणाची तरी कॉपी बघितली. पहिल्या पानापासून अगदी बारीक पेन्सिलीनं समासात टिपणं, ओळी मोजून अधोरेखित, सदतिसाव्या पानावर एक प्रश्नचिन्ह, आणि त्यापुढची सगळी पानं कोरी. घरी येऊन माझी कॉपी उघडली तर माझी पेन्सिलही साधारण तिथेच थांबली होती. तेव्हापासून मी मुलांना विकत घ्यायच्या आधी पेन्सिल घेऊन बसायला सांगते.

आता पंधराशेवाल्याबद्दल. ते घेऊ नका. मला चोरीच्या छपाईचा राग आहेच, पण तो बाजूला ठेवला तरी गणितात ती छपाई चालत नाही. कादंबरीत एखादं अक्षर पुसलं तर वाचणारा समजून घेतो, इथे अक्षराच्या डोक्यावरची बारीक रेघ किंवा बाजूचा स्वल्पविरामासारखा प्राइम गेला की वाक्याचा अर्थच बदलतो. या विषयात आयडियलसाठी (रिंगच्या आतला एक खास उपसंच) जुन्या गॉथिक वळणाची अक्षरं वापरतात, पी आणि क्यू आधीच एकमेकांसारखे दिसतात, आणि फोटोवरून छापलेल्या कॉपीत ते दोन काळे ठिपके होतात. अशाच एका कॉपीवरून मी एका लेमावर, म्हणजे छोट्या प्रमेयावर, दोन दिवस घालवलेत, तिसऱ्या दिवशी लायब्ररीतली प्रत बघितली तेव्हा कळलं की मी चुकीचं अक्षर वाचत होते.

बरं, अस्सल प्रतसुद्धा बघून घ्या. अलीकडे बरीच पुस्तकं ऑर्डर आली की छापतात, काहींची छपाई फिकट असते, बाइंडिंग उघडं राहत नाही, आणि ज्या पुस्तकाशेजारी वही ठेवून बसायचंय ते टेबलावर सपाट उघडं राहिलं पाहिजे. परत घेण्याची सोय असलेल्या ठिकाणाहूनच मागवा आणि आल्या दिवशी मधली चार पानं उघडून बघा. या पुस्तकाची एक चांगली बाजू म्हणजे दुसरी आवृत्ती कधी निघालेलीच नाही, फक्त चुका दुरुस्त करून पुन्हा पुन्हा छापलंय, म्हणून वीस-तीस वर्षांपूर्वीची जुनी प्रतही तितकीच कामाची. अप्पा बळवंत चौकात, मुंबईला फोर्टात किंवा माटुंग्याला विचारून ठेवा, निवृत्त प्राध्यापकांची कपाटं रिकामी होतात तेव्हा अशी पुस्तकं येतात, आणि ती जुनी शिवलेली बाइंडिंग आजच्यापेक्षा मजबूत असते. शिवाय स्प्रिंगर मधूनमधून या पिवळ्या पुस्तकांचा सेल काढतं, तेव्हा किंमत बरीच खाली येते, घाई नसेल तर थांबा.

आणि हेही तिला सांगा, की या विषयाचा बराचसा खजिना कायद्याने फुकट आहे. स्टॅनफर्डच्या रवी वकील यांच्या याच विषयाच्या नोट्स त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं नेटवर ठेवल्यात, जेम्स मिल्न यांच्या नोट्स आहेत, स्टॅक्स प्रोजेक्ट हा या विषयाचा नेटवरचा संदर्भग्रंथ आहे, तो तर हजारो पानांचा. कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) जुन्या लेक्चर नोट्स नेटवर आहेत, पन्नासच्या दशकापासून जगातले मोठमोठे गणिती तिथे येऊन शिकवून गेले आणि आपल्या तरुण मुलांनी त्या नोट्स लिहून काढल्या. डेव्हिड ममफर्ड यांचं अबेलियन व्हरायटीजवरचं (याच विषयातल्या एका खास प्रकारच्या आकारांवरचं) पुस्तक, जे आजही जगभर वाचलं जातं, ते १९६७-६८ मध्ये त्यांनी टीआयएफआरला दिलेल्या व्याख्यानांतून झालंय, आणि ते आता दिल्लीच्या हिंदुस्तान बुक एजन्सीकडून मिळतं. माझ्या मते हा विषय शिकण्याच्या पहिल्या वर्षाला वकील यांच्या नोट्स आणि हातात छापील अटिया-मॅकडोनाल्ड ही जोडी हार्टशॉर्नपेक्षा बरी. पण हे माझं मत झालं, माझे काही सहकारी याच्याशी भांडतील, त्यांना हार्टशॉर्नच्या एक्झरसाइझशिवाय विषय शिकलाय असं वाटतच नाही, आणि त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मग फुकट असताना छापील का घ्यायचं, असं आई विचारतील. जे पुस्तक दोन-तीन वर्षं रोज उघडायचंय, ज्यात मागचं प्रमेय बघायला दिवसातून वीस वेळा पानं उलटायचीत, ते हातात असलेलं बरं, मोबाइलच्या स्क्रीनवर ते होत नाही, हॉस्टेलच्या पोरांकडे मोठी स्क्रीन नसते. जे एकदा वाचायचंय ते पीडीएफवर वाचावं.

भाऊबीजेपर्यंत आठवड्याची परीक्षा झाली नाही तर पाकिटात पैसे घाला आणि वर लिहा, हे पुस्तकाचे. कुठलं ते तिचं ती ठरवेल. आईंना सांगा, साडी दिवाळीनंतरच्या सेलमध्ये घेऊ.

प्रश्न : मी नाशिकला बँकेत आहे, वय ४६. शाळेपासून गणिताची आवड, पण बीकॉम केलं. प्रिन्स्टन कम्पॅनियन टू मॅथेमॅटिक्स हा जाडजूड ग्रंथ वर्षभर कार्टमध्ये पडून आहे, किंमत बघून दर महिन्याला मागे येतो. मला हे झेपेल का, की नुसतं कपाटाची शोभा होईल?

उत्तर : तुम्ही घ्या. वर मी ज्या पुस्तकाबद्दल लिहिलं ते पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून चढायचं पुस्तक आहे, हे तसं नाही. २००८ मध्ये आलं, संपादक टिमथी गॉवर्स, ज्यांना १९९८ ला फील्ड्स मेडल, म्हणजे गणितातला फार मोठा मान, मिळालं, हजारावर पानं, आणि लेख वेगवेगळ्या गणितींनी लिहिलेले. हे कुठूनही उघडायचं. एक भाग नुसत्या संकल्पनांचा आहे, तिसरा, अकारविल्हे लावलेला, एक भाग प्रमेयं आणि प्रश्नांचा, आणि सहावा भाग गणितींच्या छोट्या चरित्रांचा. तुम्ही सहाव्यापासून सुरू करा, एकेक चरित्र पान-दीड पानाचं आहे, रात्री जेवण झाल्यावर एक वाचून होतं. मग ज्या माणसाचं काम आवडेल ते तिसऱ्या भागात शोधा. चौथा भाग, गणिताच्या शाखांवरचे मोठे लेख, त्यातले काही जड आहेत, तिथे अडलात तर पुढे जा, पुन्हा सहा महिन्यांनी या, तेव्हा चार ओळी जास्त कळतील. बीकॉम असल्याची काळजी करू नका, पण बारावीचं कॅल्क्युलस विसरला असाल तर एक महिना ते उजळा, मुलांचं पाठ्यपुस्तक घरात असेलच.

एकच सांगते, ई-बुक घेऊ नका. असा ग्रंथ मांडीवर घेऊन चाळायचा असतो, भलतंच पान उघडतं आणि तिथेच अर्धा तास जातो, ते स्क्रीनवर होत नाही. जड आहे, दोन हातांनी उचलावं लागतं, तेव्हा झोपून वाचायचं असेल तर उशी पोटावर ठेवून त्यावर ठेवा.

प्रश्न : आमच्या कॉलेजात (सोलापूर जिल्हा) यंदा एमएस्सी मॅथ्स सुरू झालंय. लायब्ररीसाठी तीस हजारांची यादी मागितलीय. महागडी परदेशी पुस्तकं घ्यावीत की भारतीय आवृत्त्यांच्या जास्त प्रती?

उत्तर : सर, दोन्ही, पण प्रमाण सांभाळून. साधारण पंचवीस हजारांत रोजची पुस्तकं घ्या, प्रत्येकाच्या तीन-चार प्रती, कारण परीक्षेच्या महिन्यात एका रुडिनसाठी सहा मुलं थांबतात. टेरेन्स टाओ यांचं अ‍ॅनालिसिस दोन भागांत आहे, २००६ मध्ये मुळात आपल्या हिंदुस्तान बुक एजन्सीनेच काढलं, ज्या मुलांचं बीएस्सीचं अ‍ॅनालिसिस कच्चं राहिलंय त्यांना ते रुडिनच्या आधी द्या, खूप फरक पडतो. शेल्डन अ‍ॅक्सलर यांचं लिनिअर अल्जेब्रा डन राइट, चौथी आवृत्ती, लेखकाने आणि प्रकाशकाने मिळून फुकट केलीय, त्याची फाइल लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर ठेवा आणि छापील एकच प्रत घ्या. हॅचर यांची अल्जेब्राइक टोपॉलॉजी त्यांच्या स्वतःच्या साइटवर आहे, तिचंही तसंच.

उरलेल्या पाच हजारांत एखादं असं पुस्तक घ्या जे वर्गातल्या एकालाच लागेल. चाकणच्या त्या दादांची बहीण ज्या पुस्तकाची परीक्षा घेणार आहे ते आधी कुठल्या तरी लायब्ररीने घेतलेलं असायला लागतं, नाहीतर तिच्यासारख्या मुलीला किंमत बघूनच मागे फिरावं लागेल. फक्त ते कुलूपबंद कपाटात, 'फक्त संदर्भासाठी' असा शिक्का मारून ठेवू नका. एक महिन्यासाठी घरी न्यायला द्या, उन्हाळ्याच्या सुट्टीत तर पूर्ण दोन महिने, आणि पेन्सिलीच्या खुणांसाठी दंड लावू नका.